गंगापूर रोडचं फ्लाइट सिम्युलेटर सेंटर : लेकीसोबत केलेली तीन सेशन

आम्ही नाशिकमध्ये उपनगरला राहतो. गांधीनगरची आर्मीची हेलिकॉप्टरं रोज डोक्यावरून जातात त्यामुळे आमच्या लेकीला विमानाचं वेड कुठून लागलं हे कोणाला विचारायची गरज नाही. बारावी सायन्स झाली, पायलटसाठी लागणारी मेडिकल तपासणी झाली, आता सीपीएलला (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) जायचं म्हणते. फीचे आकडे ज्यांनी चौकशी केलीय त्यांना माहीत आहेत, नोकरदार माणसाला घरावर कर्ज काढायची वेळ येते. पण खरं सांगू का, मला पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती आणि त्यासाठीच मी या सेंटरवर गेले, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब होणार आहे.

मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला होता. अमेरिकेत आयडाहो राज्यात ब्रूस मेडोज म्हणून डोंगरातली छोटी धावपट्टी आहे, ६,३७० फुटांवर. ३० जून २०१२ ला तिथून स्टिन्सनचं जुनं चार सीटचं विमान निघालं, आत चार माणसं आणि कॅमेरापण आतच लावलेला. विमान धावतंय धावतंय, मग उचलतं, आणि त्यानंतर नुसतं झाडांच्या शेंड्यांवरून चालत राहतं, वर जातच नाही. इंजिनचा आवाज चालू, पंखा फिरतोय, सगळं ठीक दिसतंय आणि तरी झाडं हळूहळू जवळ येतात आणि शेवटी विमान झाडांत जातं. चौघंही वाचली, पायलटला जबर मार लागला. पण इंजिन बंद पडलेलं नसताना विमान पडतं हे मला कळेच ना. त्या रात्री झोप लागली नाही. लेक म्हणाली आई तो पहाडातला प्रकार आहे, आपल्याकडे तसं नसतं. म्हटलं तू शिकणार इथे, पण उडवणार कुठे ते तुला आज माहितीये का?

तर हे सेंटर. नाव लिहीत नाही कारण जागा लहान आहे आणि खाली मी तक्रारीपण लिहिल्यात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत सेसना १७२ या छोट्या विमानासारखं कॉकपिट, समोर तीन मोठे स्क्रीन, दोन सीट, खरं वाटावं असं योक (विमानाचं स्टिअरिंग), काळं थ्रॉटल (अ‍ॅक्सिलेटरच समजा) आणि त्याच्या शेजारी लाल मिक्श्चरचा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं त्याचा नॉब. (या लाल नॉबबद्दल पुढे लिहिते, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.) पाऊण तासाचे अडीच हजार घेतात. महाग वाटेल, मलापण वाटलं. जॉयराइडवाल्यांना एक मुलगा बसवतो पण जे शिकायला येतात त्यांना शिकवायला एक सर आहेत, आर्मी एव्हिएशनमधून रिटायर झालेले. बोलणं कमी, मुलांना अरेतुरे करतात आणि मला ताई. तुम्ही गेलात तर सरांचीच वेळ मागा, नाहीतर जाऊ नका असंच मी म्हणेन.

पहिल्या दिवशी मी बाहेर बसणार होते. सर म्हणाले ताई आत बसा, तुम्हालाच जास्त प्रश्न पडलेत असं दिसतंय. मी व्हिडिओचं सांगितलं. त्यांना तो माहीत होता. त्यांनी कॉकपिटकडे बघितलंसुद्धा नाही, टेबलावर एक कोरा कागद घेतला आणि लेकीला विचारलं, घरात कोणी लडाखला बाइकवर गेलंय का? माझा भाऊ गेला होता, जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट घेऊन. तर मग मामाला विचार, म्हणे, खार्दुंगलाला गाडी कशी चालत होती. आम्हाला विचारायची गरजच नव्हती, मामाने ती गोष्ट शंभर वेळा सांगितलीय, पूर्ण अ‍ॅक्सिलेटर पिळला तरी गाडी गुदमरल्यासारखी करायची, काळा धूर, पहिल्या गियरवर रडत चढली.

सर म्हणाले बस, हेच. फक्त बुलेट गुदमरली तर तू रस्त्याच्या कडेला लावतेस. विमानात तीन गोष्टी एकदम गुदमरतात. इंजिनला हवा कमी मिळते म्हणून ताकद कमी, साध्या इंजिनची दर हजार फुटांना साधारण ३ टक्के धर. पुढचा फिरता पंखा जी हवा मागे ढकलतो तीच विरळ, म्हणून ओढ कमी. आणि विमानाच्या दोन पंखांखालची हवापण विरळ, म्हणजे तेवढंच वजन उचलायला जास्त जोरात पळावं लागतं. ताकद कमी झालीय आणि पळायचं जास्त आहे. एका कारणाचे तीन मार.

मग गणित. हे मला फार आवडलं कारण मी बँकेत आहे, आकडा कागदावर दिसला की माझी भीती जरा आटोक्यात येते. समुद्रसपाटीला हवेचं स्टँडर्ड तापमान १५ अंश धरतात, दर हजार फुटांना २ अंश कमी. प्रत्यक्षात त्यापेक्षा जेवढे अंश जास्त गरम, तेवढ्यांना १२० ने गुणायचं आणि ते फूट उंचीत मिळवायचे. जो आकडा येतो ती डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाला स्वतःला वाटणारी उंची. तुम्ही कुठे उभे आहात त्याच्याशी विमानाला घेणंदेणं नाही, हवा किती दाट आहे तेवढंच त्याला कळतं.

लेकीला आपल्या नाशिकच्या विमानतळाचं, ओझरचं काढायला लावलं. ओझर दोन हजार फुटांच्या जरासं खाली, १,९५० धरले. स्टँडर्ड तापमान झालं ११ अंश. एप्रिलअखेरची दुपार, ४० अंश. २९ अंश जास्त, गुणिले १२०, जवळजवळ साडेतीन हजार फूट. एकूण ५,४०० च्या आसपास. सर म्हणाले आता सांग, महाराष्ट्रात एवढ्या उंचीचं काय आहे? लेक गप्प. मीच बोलले, कळसूबाई. १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूटच. तर आपल्या ओझरच्या रनवेवर एप्रिलच्या दुपारी उभं असलेलं विमान कळसूबाईच्या शिखरावर उभं असल्यासारखं वागतं. हे वाक्य मी त्या दिवसापासून निदान वीस जणांना सांगितलं असेल. आणि जानेवारीत सकाळी १५ अंश असताना तोच आकडा २,४०० येतो. रनवे तोच, विमान तेच, पण तीन हजार फुटांचा फरक.

मग लेह. विमानतळ १०,६८२ फुटांवर. जुलैतली दुपार, २५ अंश. आला आकडा साडेचौदा हजाराच्या जवळ. सरांनी सेसना १७२ एसच्या मॅन्युअलची झेरॉक्स पुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं, सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट. सीलिंग म्हणजे ज्याच्या वर ते विमान धड चढतच नाही. म्हणजे लेहच्या दुपारी हे विमान जमिनीवर उभं असतानाच स्वतःच्या छताच्या वर आहे! मोठी जेट विमानंसुद्धा लेहला बहुतेक सकाळी सकाळी का येतात-जातात ते मला तेव्हा कळलं. दुपारी वारापण सुटतो आणि हवापण तापते.

त्याच मॅन्युअलमध्ये टेकऑफला किती रनवे लागेल त्याचं टेबल असतं, आडवे तापमानाचे रकाने, उभी उंची. समुद्रसपाटीला स्टँडर्ड हवेत पूर्ण वजनाला ९६० फूट धावायचं, आणि ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडेपर्यंत एकूण १,६३०. लेकीने बोट खाली खाली नेलं. ८,००० फुटांच्या ओळीला टेबल संपलं. सर, दहा हजारची ओळ कुठाय? नाहीये, सर म्हणाले, बनवणाऱ्यांनी दिलेलीच नाही. ती त्या कागदाच्या खालच्या पांढऱ्या भागाकडे बघत बसली. मीपण.

पाऊण तासातला अर्धा तास यातच गेला आणि मला आतून वाटत होतं अडीच हजार दिलेत, उडणार कधी. आता वाटतं तो अर्धा तासच खरा होता.

उडणं दुसऱ्या सेशनला झालं. आधी ओझरवरून जानेवारीची सकाळ. थ्रॉटल पूर्ण, ५५ नॉट वेगाला योक मागे, विमान अलगद वर. मग तेच ४० अंशांत. उडालं, पण आळसावलेलं, आणि धाव बरीच लांबली. तीन किलोमीटरचा रनवे असल्याने काही बिघडलं नाही, आणि सरांचं म्हणणं होतं की धोका नेमका इथेच आहे. लांब रनवेवर, कमी उंचीवर शिकलेल्या पोरांच्या हाताला सवय लागते की थ्रॉटल पूर्ण केलं की विमान उडतंच. ती सवय घेऊन ते एक दिवस डोंगरात जातात.

मग त्यांनी लेडव्हिल लावलं, अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये. ९,९३४ फूट, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंचावरचा सार्वजनिक विमानतळ. २० अंश तापमान ठेवलं, जे नाशिककरांना थंडच वाटेल, पण तिथल्या उंचीला स्टँडर्ड तापमान शून्याच्या खाली ५ असतं त्यामुळे डेन्सिटी अल्टिट्यूड गेली १२,९०० वर. पूर्ण वजन. रनवे जवळजवळ दोन किलोमीटर. काही न सांगता लेकीला म्हणाले, चल, टेकऑफ.

हे मी तिच्या मागे उभी राहून बघितलं. तिने ओझरला करायची तसंच केलं. लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे पेट्रोल पूर्ण. इंजिनचा आवाज जड, खरखरीत. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मामाच्या बुलेटचा काळा धूर. विमान निघालं. अर्धा रनवे गेला तरी वेगाचा काटा पन्नासच्या खाली. पण बाहेर रनवेचे पट्टे इतक्या जोरात मागे पळत होते की मलाच वाटलं अगं आता उचल. सरांनी नंतर सांगितलं की विरळ हवेत मीटरवर ५५ दिसतं तेव्हा विमान खरं ६७ च्या आसपास पळत असतं, डोळ्याला वाटतं खूप वेग आलाय आणि हात आपोआप योक मागे ओढतो. तिनेही ओढला. आणि विमान उचललं! ती हसली. मग स्टॉलचा (पंख विमान उचलून धरेनासे होतात त्याचा) भोंगा पीऽऽ करून वाजायला लागला. चाकं जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, विमान तरंगतंय, वर जात नाही. तिने नाक अजून वर केलं. रनवे संपला. झाडं नव्हती, माळ होता, विमान त्या माळात बसलं आणि स्क्रीन गोठला.

खोलीत कोणी बोललं नाही. सरांनी आवाज न चढवता सांगितलं, जमिनीच्या अगदी जवळ, पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत, जमीनच विमानाला जरा आधार देते, ग्राउंड इफेक्ट म्हणतात. त्या आधारावर विमान उडायला तयार नसतानाही तरंगतं. पायलटला वाटतं उडालो. आधार सुटला की कळतं उडालो नव्हतो. तुझ्या आईने बघितलेला व्हिडिओ बराचसा हाच आहे, आणि तिथेही डेन्सिटी अल्टिट्यूड नऊ हजारांच्या वर होती.

दुसऱ्यांदा तिला लाल नॉब शिकवला. ब्रेकवर उभं राहून थ्रॉटल पूर्ण द्यायचं आणि मिक्श्चर हळूहळू बाहेर ओढायचं, आरपीएम वाढत जातात, वाढायचे थांबले की तिथे थांबायचं. मॅन्युअलमध्ये ३,००० फुटांच्या वरच्या विमानतळांसाठी हे लिहिलेलंच आहे. इंजिनचा आवाज बदलला ते मलासुद्धा ऐकू आलं, एकदम मोकळा झाला. तरी १८० हॉर्सपॉवरपैकी ११० च्या आसपासच हातात. मग मागची दोन माणसं उतरवली, पेट्रोल कमी केलं, वेळ सकाळी ७ ची केली. उडालं. फार जोमात नाही पण नीट, सरळ, वाढत्या वेगाने. पोर घामाघूम झाली होती.

वजनाबद्दल सरांनी एक जुनी घटना सांगितली ती मला विसरता येत नाही. ११ एप्रिल १९९६, अमेरिकेत वायोमिंगमधलं शायेन, ६,१५६ फुटांवरचं. जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, सोबत वडील आणि इन्स्ट्रक्टर, सेसना कार्डिनल विमान, देश पार करायचा विक्रम करायला निघालेले. वादळ येत होतं, पाऊस, आडवा वारा, आणि तरी निघाले कारण पुढच्या गावी माणसं वाट बघत होती. टेकऑफनंतर लगेच स्टॉल होऊन पडलं, तिघंही गेले. तपासात निघालं की डेन्सिटी अल्टिट्यूड ६,६७० फूट होती आणि विमानात मर्यादेपेक्षा ९६ पाउंड जास्त वजन होतं. ९६ पाउंड म्हणजे ४३-४४ किलो. दोन भरलेल्या बॅगा. मी आई आहे, सात वर्षांची मुलगी म्हटल्यावर मला पुढचं ऐकवेना, पण लेकीने ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. १७२ ला चार सीट आहेत पण चार मोठी माणसं आणि टाक्या फुल्ल असं दोन्ही बसत नाही हेही तिने तिथे बेरीज करून बघितलं. १,१५७ किलोच्या वर जायचं नाही, संपलं.

आता तक्रारी. उजवा रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवायचा पायातला) अडकतो, दाबला की अर्ध्यात थांबतो आणि मग एकदम जातो. टेकऑफला उजवा पायच लागतो, त्यामुळे हे दुरुस्त करायलाच हवं, दोनदा सांगूनही तिसऱ्या सेशनला तसाच होता. काउंटरवरचा मुलगा बुकिंगची वेळ झाली की घड्याळ चालू करतो, आधीच्या गिऱ्हाइकाचे फोटो काढणं चालू असलं तरी, आमची दहा मिनिटं अशी गेली. जिन्यात अंधार आहे. आणि सीट हलत नाही त्यामुळे पाठीला काही कळत नाही, विमान बसायला लागलं की पोटात जे होतं म्हणतात ते इथे होत नाही, सर स्वतःच हे सांगतात की याला उडणं समजू नका. हे सगळं चालवून घेता येईल.

पण एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. काउंटरच्या भिंतीवर पोस्टर आहे, ‘लुक्ला चॅलेंज’, जो टेकऑफ करून वाचेल त्याला कॉफी फुकट. रविवारी कॉलेजची मुलं येतात, विमान दरीत घालतात, मोबाइलवर शूट करतात, टाळ्या. लुक्ला नेपाळमधला विमानतळ, एव्हरेस्टच्या वाटेवरचा, ९,३३४ फूट, रनवे फक्त ५२७ मीटर आणि तोही उतरता, त्याच्या टोकाला दरी. १४ एप्रिल २०१९ ला तिथे एल-४१० जातीचं एक छोटं विमान टेकऑफच्या धावेतच उजवीकडे वळलं आणि बाजूला उभ्या हेलिकॉप्टरांवर जाऊन आदळलं. ३ जण गेले, विमानाचा को-पायलट आणि हेलिकॉप्टरपाशी उभे असलेले दोन पोलीस. ते काही हवा विरळ म्हणून उडालं नाही असं नव्हतं, पण अशा जागी चुकीला जागाच नसते एवढं तर दिसतंच. ज्यांच्या घरातली माणसं गेलीत ती आपल्याच शेजारच्या देशात आहेत. त्यांच्या जागेवर कॉफीची पैज लावू नये. शेजारच्याच खोलीत सर पोरांना ब्रेकवर पाय ठेवायला शिकवतात आणि इकडे पोस्टर उलटं शिकवतंय. मी मालकांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले ताई मुलं त्यासाठीच येतात, त्यावरच भाडं निघतं. मला त्यांची अडचण कळते, पण मुलांना लुक्ला दाखवायचंच तर तिथले खरे पायलट ते नीट कसं करतात ते दाखवा ना, तेही बघण्यासारखंच आहे.

तिसरं सेशन. सरांनी परत डोंगरातली एक जागा लावली, यावेळी कोणती ते सांगितलं नाही, फक्त उंची, तापमान, वजन आणि रनवेची लांबी कागदावर दिली. आधी तिने एक नियम शिकला होता, अर्ध्या रनवेपर्यंत टेकऑफच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल बंद, ब्रेक, विचार नंतर. ५५ चे ७० टक्के म्हणजे साडेअडतीस. तिने रनवेचा मध्य ओळखायला डावीकडची एक शेड धरून ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, शेडपाशी ३९. निघाली. शेड आली तेव्हा काटा ३४ ला होता. मला वाटलं अजून थोडं बघेल. नाही. तिने थ्रॉटल मागे ओढलं, विमान थांबवलं, वळवलं आणि परत सुरुवातीला आणून उभं केलं. सरांनी विचारलं का थांबलीस, इंजिन तर चालू होतं. ती म्हणाली ३४ होते सर. सर म्हणाले मागच्या सीटवर एक माणूस घाईत आहे, त्याला संध्याकाळपर्यंत पोचायचंय. ती म्हणाली उद्या सकाळी पोचेल.

सरांनी वहीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं, आम्हाला दाखवलं नाही.

जायचं असेल तर शनिवारी सकाळचा पहिला स्लॉट घ्या, गर्दी नसते आणि सर मोकळे असतात. गाडी मेन रोडला लावू नका, उचलतात. पहिलं सेशन पूर्ण कागदावर गेलं तरी कुरकुर करू नका, आणि पोरगा किंवा पोरगी सीपीएलला जाणार असेल तर तुम्ही स्वतः आत बसा. स्टार ५ पैकी ४ देतेय, एक पोस्टरचा कापलाय. त्यांच्या अभिप्रायाच्या वहीतही हेच लिहून आलेय, पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत तेव्हा भिंत बघून इथे कळवते.